सत्यनिष्ठ संशोधिका : डॉ. इरावती कर्वे

‘युगान्त’ या ग्रंथाच्या लेखिका म्हणून डॉ. इरावती कर्वे यांचे नाव मराठी वाचकांना सुपरिचित आहे. या ग्रंथास १९६८ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. परंतु इरावतीबाई व्यवसायाने मानवशास्त्रज्ञ होत्या, आणि संशोधकाने कसे वागावे याचा वस्तुपाठ त्यांनी विद्यार्थिदशेतच घालून दिला होता, ही गोष्ट तितकीशी सर्वश्रुत नाही.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात झाला. तेथील इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवण्यात आले. वडील गणेश हरी करमरकर हे तेथे अभियंता होते. सातव्या वर्षी इरावतीबाई पुण्यास हुजूरपागेत शिकावयास आल्या. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन त्यांनी मुंबईस डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली समाजशास्त्राचा अभ्यास केला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव, रसायनशास्त्राचे अध्यापक दिनकरराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. उच्च शिक्षणासाठी जर्मनीस जाण्याचा त्यांचा बेत सासऱ्यांना पसंत नव्हता. परंतु दिनकररावांनी त्यांना पाठिंबा दिला. पैशासाठी कर्ज काढावे लागले. अशा स्थितीत १९२८ मध्ये त्या बर्लिनला गेल्या.

बर्लिन येथील कैसर विल्हेम मानवशास्त्र संस्थेचे संचालक ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक होते. मनुष्याची कवटी डाव्या व उजव्या बाजूंस अगदी सारखी नसते. युरोपीय वंशाच्या लोकांत ही विषमता विशेष असून ती त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीशी निगडित आहे, अशी फिशर यांची कल्पना होती. ती पडताळून पाहण्याचे काम इरावतीबाईंकडे आले. त्यांनी १४९ कवट्या काळजीपूर्वक मोजल्या. त्यांत युरोपीय लोकांच्या कवट्या होत्या, तशाच आफ्रिकेसारख्या दूरच्या प्रदेशांतून आणलेल्याही होत्या. मोजमापाअंती असे दिसून आले की, विषमता सर्वत्र आढळते, पण तिचा वंशाशी काही संबंध लागत नाही.

आता त्यांची अडचण ध्यानात घ्या. परका देश, पारतंत्र्यातील देशातून आलेली विद्यार्थिनी, डोक्यावर कर्ज, आणि पदवी देणे न देणे ज्यांच्या हाती त्याच गुरूंच्या मताविरुद्ध आलेला निष्कर्ष! काही मापे वगळणे अथवा निष्कर्ष मोघम शब्दांत मांडणे अवघड नव्हते. इरावतीबाईंनी तसे केले नाही. जे आढळले तेच त्यांनी प्रबंधात लिहिले, आणि डॉक्टरेट मिळवून त्या स्वदेशी परतल्या.

या सचोटीचे मोल पुढील इतिहासाने दाखवून दिले. १९३३ मध्ये जर्मनीत नाझी सत्तेवर आले. वंशश्रेष्ठत्वाच्या नावाखाली अगणित निरपराध माणसांचा छळ व संहार झाला, आणि याच संस्थेतील विद्वानांनी त्या धोरणास शास्त्राचा मुलामा दिला. शास्त्रात शिरलेले असत्य ग्रंथालयापुरते राहत नाही, ते माणसांच्या जिवावर उठते. ज्या कवट्या मोजल्या गेल्या त्यांविषयीही आज प्रश्न विचारला जातो. त्या काळी वसाहतींतून मृतांचे अवशेष आप्तांच्या अनुमतीवाचून युरोपात नेले जात. ज्यांचा अभ्यास करावयाचा त्यांची संमती घेणे, हे आता संशोधकाचे पहिले कर्तव्य मानले जाते.

१९३९ मध्ये इरावतीबाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या व गावोगाव हिंडून त्यांनी संशोधन केले. एक मूळ जात फुटून पोटजाती झाल्या, असे घुर्ये यांचे मत होते. एकाच नावाच्या पोटजाती मुळातच वेगवेगळ्या असू शकतात, असे इरावतीबाईंना मोजमापांवरून व चालीरीतींवरून वाटले. येथेही गुरूंचे मत प्रमाण न मानता त्यांनी आपले मत पुराव्यासह मांडले. भारतातील नातेसंबंधांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. मामाच्या मुलीशी होणारा विवाह आणि मामा-भाचीचा विवाह या दोन्ही चाली आपल्या बीदर-कलबुर्गीकडील कुटुंबांना ठाऊक आहेत. अशा चालींना हसण्याऐवजी त्या कोठे व कशा आढळतात, हे त्यांनी त्या ग्रंथात अभ्यासाचा विषय म्हणून मांडले. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले.

विद्यार्थिमित्रहो, प्रयोगशाळेत आपला आकडा पुस्तकातील आकड्याशी जुळला नाही, की शेजाऱ्याच्या वहीत डोकावून तो बदलण्याचा मोह होतो. गुण थोडे कमी पडतील, परंतु तसे करू नका. आलेला आकडा तसाच लिहा, पुन्हा मोजा, आणि फरक का पडला हे शिक्षकांना विचारा. कदाचित आपली चूक सापडेल, कदाचित साधनाची. बर्लिनच्या त्या विद्यार्थिनीने १४९ कवट्यांच्या बाबतीत जे केले, त्याचा आरंभ आपल्या प्रयोगवहीतही करता येतो.