दिगंबरानुचर दासोपंत

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगररांगांत, जयंती नदीच्या काठी, अंबाजोगाई हे प्राचीन गाव वसले आहे. योगेश्वरीचे क्षेत्र म्हणून या गावाची ख्याती आहेच. पण मराठी भाषेच्या दृष्टीनेही हे गाव मोठे भाग्याचे. गावाबाहेरच्या रम्य दरीत ‘विवेकसिंधु’कार मुकुंदराजांची समाधी दाखवितात. विवेकसिंधु हा ग्रंथ शके १११० चा, म्हणजे इ. स. ११८८ चा मानला जातो. त्यानंतर सुमारे चार शतकांनी याच गावात दुसरा एक थोर ग्रंथकार येऊन राहिला. त्याने आपले उभे आयुष्य लेखणी आणि दौत यांच्या संगतीत घालविले. त्याचे नाव दासोपंत.

दासोपंतांचा जन्म शके १४७३ मध्ये, म्हणजे इ. स. १५५१ साली, भाद्रपद वद्य अष्टमीस झाला. बेदरच्या राज्यातील नारायणपेठ येथे त्यांचे वडील दिगंबरपंत हे देशपांडेपणाचे काम पाहत. आईचे नाव पार्वतीबाई. त्या काळी बेदरला बरीदशाहीचा अंमल होता.

दासोपंतांच्या बालपणीची एक कथा त्यांचे चरित्रकार मोठ्या आवडीने सांगतात. एका वर्षी दुष्काळ पडला. दिगंबरपंतांच्या ताब्यात सरकारी धान्याची कोठारे होती. डोळ्यांदेखत माणसे उपाशी मरत असता कोठारांना कुलूप घालून बसणे त्यांच्याने होईना. त्यांनी धान्य वाटून टाकले. मग वसुलाचा भरणा होणार कसा? बादशहाने जाब विचारला आणि पैसे येईपर्यंत लहानग्या दासोपंतांस ओलीस म्हणून बेदरला ठेवून घेतले. मुदतीत रक्कम आली नाही, तर मूल परत मिळणार नाही, असा निरोप आला. आईबापांच्या तोंडचे पाणी पळाले. मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला, आणि कोणी एक पाडेवार दरबारात आला. त्याने रकमेची थैली पुढे ठेवली, पावती घेतली आणि मुलाची सुटका केली. नाव विचारले, तेव्हा त्याने दत्ताजी पाडेवार असे सांगितले. दासोपंत घरी पोहोचले, तेव्हा दिगंबरपंतांनी या दत्ताजीचा पुष्कळ शोध केला. त्या नावाचा कोणीही चाकर त्यांच्या पदरी नव्हता! प्रत्यक्ष दत्तात्रेयच हे रूप घेऊन आले, अशी घरच्यांची श्रद्धा बसली. कथेतील चमत्कार भाविकांनी मानावा, इतरांनी न मानावा. एवढे खरे की या प्रसंगाने मुलाचे मन दत्तात्रेयांकडे कायमचे ओढले गेले.

तरुणपणीच दासोपंतांनी घर सोडले. माहूर हे दत्तात्रेयांचे प्रसिद्ध स्थान. तेथे त्यांनी बारा वर्षे तपश्चर्या केली, असे सांगतात. नंतर ते गोदावरीकाठच्या राक्षसभुवनास आले. हे गावही आजच्या बीड जिल्ह्यातलेच. तेथे त्यांना दत्तात्रेयांच्या पादुका प्राप्त झाल्या. पुढे फिरत फिरत ते अंबाजोगाईस आले आणि तेथेच स्थिरावले.

येथून पंतांच्या खऱ्या चरित्रास आरंभ होतो, असे म्हटले पाहिजे. कारण त्यांचे चरित्र म्हणजे त्यांचे लेखन. भगवद्गीतेवर त्यांनी ‘गीतार्णव’ नावाची विस्तृत टीका लिहिली. अर्णव म्हणजे समुद्र. या समुद्रात सव्वा लाख ओव्या आहेत, असे परंपरा सांगते. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे नऊ हजार आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे या संख्येची कल्पना येईल. याशिवाय ‘गीतार्थबोधचंद्रिका’, ‘ग्रंथराज’ हे ग्रंथ, पदांचा मोठा संग्रह ‘पदार्णव’, आणि संस्कृतातील स्तोत्रे वेगळीच. पंतांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे, अशी आख्यायिका आहे. त्या काळच्या स्वस्ताईत एका पैशाची शाई म्हणजे केवढी, हे अंबाजोगाईचे वृद्ध लोक हाताने दौत दाखवून सांगत असत!

कागदानेही पंतांचे समाधान झाले नाही. त्यांनी एक पासोडी घेतली. पासोडी म्हणजे पांघरण्याचे जाडेभरडे, दुहेरी कापड. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा त्या कापडावर त्यांनी ‘पंचीकरण’ हा विषय सुमारे १६०० ओव्यांत लिहून काढला. पंचमहाभूतांपासून ही सृष्टी कशी घडली, हा त्यातील विचार. कापडावर बोरू अडखळतो, शाई फुटते. तरी ओळी सरळ आणि अक्षर वळणदार राखावयाचे, हे काम किती चिकाटीचे! ही पासोडी अंबाजोगाईस आजवर जतन करून ठेवलेली आहे.

पासोडी असो की पोथी, तिला आजच्या पुस्तकासारखे मुखपृष्ठ नसे. आज पुस्तक हाती घेताच लेखकाचे नाव दिसते. प्रकाशक, साल, सारे छापलेले असते. पोथीत यातले काही नसे. मग हे काव्य कोणाचे, हे वाचकाने ओळखावे कसे? यासाठी आपल्या कवींनी एक युक्ती काढली होती. पदाच्या शेवटच्या चरणात किंवा अध्यायाच्या अखेरच्या ओवीत कवी आपले नाव गुंफीत असे. त्यास नाममुद्रा म्हणतात. एकनाथांची मुद्रा ‘एका जनार्दनी’. जनार्दनस्वामींचा शिष्य एका, असा तिचा भाव. दासोपंतांनी ‘दिगंबरानुचर’ ही मुद्रा घेतली. अनुचर म्हणजे मागून चालणारा सेवक. दिगंबर हे दत्तात्रेयांचे नाव, आणि योगायोग असा की तेच पंतांच्या वडिलांचेही नाव.

नाममुद्रा काव्यातच विणलेली असल्यामुळे ती सहसा गळत नसे. ती गाळली तर चरणच मोडे. पण गळत नसली, तरी ती बदलता येत असे, आणि घोटाळ्यांचे मूळ येथेच आहे. अभंगात अक्षरे मोजतात. नामा, तुका, एका, जनी ही सगळी नावे दोन-दोन अक्षरांची. गाणाऱ्याच्या तोंडी एका नावाच्या जागी दुसरे बसले, तरी चाल बिघडत नाही. ऐकणाऱ्यास संशय येत नाही, आणि लिहून घेणारा जे ऐकतो ते उतरवितो. ‘दिगंबरानुचर’ हे सात अक्षरी नाव असे सहज उपटता येण्याजोगे नाही.

या घोटाळ्याचे फार ठळक उदाहरण नामदेवांचे आहे. ज्ञानदेवांचे समकालीन नामदेव तेराव्या-चौदाव्या शतकात झाले. पुढे सोळाव्या शतकात, एकनाथांच्या काळी, विष्णुदास नामा नावाचे कवी होऊन गेले. त्यांनी मराठीत महाभारत रचले. दोघेही ‘नामा’च! विष्णुदास नाम्याच्या पुष्कळ रचना नामदेवांच्या गाथेत शिरल्या. एकाचे आयुष्यभराचे श्रम दुसऱ्याच्या नावावर जमा झाले. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. पण हेतू नसला म्हणून अन्याय लहान होत नाही. दोन कवींच्या रचना निवडून वेगळ्या करण्यासाठी अभ्यासकांना अतिशय परिश्रम करावे लागले.

दासोपंतांच्या भोवतालीही असा नावांचा गुंता होताच. एकनाथ, दासोपंत, जनीजनार्दन, रामाजनार्दन आणि विठा रेणुकानंदन या पाच समकालीन कवींस मिळून एकनाथपंचक म्हणतात. या पाचांत तिघांच्या नावापुढे जनार्दन! हे तिघेही देवगिरीच्या जनार्दनस्वामींचे शिष्य. पैकी जनीजनार्दन बीडचे. त्यांची समाधी बीड शहरातच आहे. जनी हे नाव वाचून कोणी त्यांना संत जनाबाई समजले, तर पुरुषाची स्त्री होईल आणि तीन शतकांचे अंतरही पुसले जाईल. घरोघरी म्हटली जाणारी ज्ञानदेवांची आरती रामाजनार्दनांची आहे. परंतु आरती म्हणणाऱ्या शंभरांतील किती जणांना हे नाव माहीत असते?

दासोपंत आणि एकनाथ यांचा मोठा स्नेह होता. पंत पैठणास नाथांच्या भेटीला गेले होते, असे सांगतात. नाथांनी १५९९ साली पैठणास देह ठेवला. दासोपंत त्यांच्यानंतर सुमारे सोळा वर्षे होते. शके १५३७ च्या माघ वद्य षष्ठीस, म्हणजे इ. स. १६१६ च्या आरंभी, अंबाजोगाई येथे त्यांनी समाधी घेतली.

पंतांमागे त्यांचे ग्रंथ उरले. पण ते पोथ्यांच्या गठ्ठ्यांत. छापखाने आल्यावरही त्यांतील बराचसा भाग दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. जुन्या मराठी कवींच्या शोधास वाहून घेतलेले वि. ल. भावे यांनी १९०३ साली ‘महाराष्ट्र कवि’ हे मासिक काढले, आणि ‘महाराष्ट्र सारस्वत’ या आपल्या ग्रंथातही दासोपंतांच्या कार्याचा परिचय करून दिला. पोथी कोणाची, हे ठरविताना अशा संशोधकांपुढे पहिला आधार असे तो नाममुद्रेचा. त्यानंतर भाषा, कागद, अक्षराचे वळण, गुरुपरंपरा यांची साक्ष काढावयाची.

संशोधकाने ठरविले, तरी काम संपत नाही. ते ग्रंथपालाच्या टेबलावर येते. पंतांचा एक ग्रंथ ‘दासोपंत’ या नावाने येतो, दुसरा ‘दासोपंत दिगंबर देशपांडे’ या नावाने, तिसऱ्यावर केवळ ‘दिगंबरानुचर’. रोमन लिपीत छापलेल्या यादीत त्याच नावाची अक्षरे आणखी निराळ्या रीतीने जुळविलेली असतात. ग्रंथपाल बेसावध राहिला, तर एका दासोपंतांचे चार दासोपंत होतील. म्हणून चांगल्या ग्रंथालयात एक मुख्य नाव ठरवितात आणि बाकीच्या नावांच्या पत्रिकेवर मुख्य नाव पाहण्याची सूचना लिहितात. गावांच्या बाबतीतही हीच दक्षता घ्यावी लागते. निजामाच्या राजवटीत अंबाजोगाईचे नाव मोमिनाबाद होते. त्या काळच्या कागदपत्रांतील मोमिनाबाद आणि दासोपंतांचे अंबाजोगाई एकच, हे ज्यास ठाऊक नाही, त्याचा शोध अर्ध्यावरच थांबेल.

हे झाले एका ग्रंथालयापुरते. जगातील हजारो ग्रंथालयांनी एकच माणूस एकाच रीतीने ओळखावा, हा प्रश्न त्याहून मोठा. २००३ साली अमेरिकेचे काँग्रेस ग्रंथालय आणि जर्मनीचे राष्ट्रीय ग्रंथालय यांनी आपापल्या ग्रंथकारांच्या नावांच्या याद्या एकमेकींशी जुळविण्याचा करार केला; पुढे इतर देशांची ग्रंथालयेही त्यात आली. २०१२ साली ग्रंथकार, कलावंत इत्यादींना सोळा अंकांचा एक क्रमांक देण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत ठरली. त्याच वर्षी हयात संशोधकांसाठी ‘ऑर्किड’ नावाची नोंदवही उघडली. तिच्यात संशोधक स्वतःच आपले नाव नोंदवितो आणि त्यालाही सोळा अंकी क्रमांक मिळतो. लग्नानंतर आडनाव बदलले, नाव दुसऱ्या लिपीत लिहिले, दहा जणांचे नाव एकच निघाले, तरी क्रमांक तोच राहतो. त्यातील शेवटचा अंक आधीच्या पंधरा अंकांवरून गणिताने काढलेला असतो. त्यामुळे लिहिताना एखादा अंक चुकला, तर ती चूक यंत्राच्या लगेच ध्यानात येते. गाणाऱ्याच्या तोंडी ‘एका’चा ‘नामा’ होत असे, तसे येथे सहजी होत नाही.

पण क्रमांक कोणाला द्यावयाचा, हे यंत्र सांगू शकत नाही. मुकुंदराजांचेच पाहा. त्यांच्या काव्यातील अंबानगरी म्हणजे हे अंबाजोगाई, की वैनगंगेच्या काठचे अंभोरे, हा वाद विद्वानांत पुष्कळ वर्षे चालला आहे. तो मिटवावयाचा, तर जुनी पोथी उघडून एकेक ओवी वाचण्यावाचून गत्यंतर नाही. दासोपंतांच्या बाबतीत ती अडचण फारशी पडत नाही. त्यांचे गाव माहीत आहे, समाधीची तिथी माहीत आहे, वंशजांची थोरले देवघर आणि धाकटे देवघर ही दोन घराणी अंबाजोगाईस प्रसिद्ध आहेत. आणि पदापदाच्या शेवटी दिगंबराचा हा अनुचर स्वतःच हजेरी देत उभा असतो.