बेवतनांचा पाठीराखा

फ्रिट्यॉफ नान्सेन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजी नॉर्वेत झाला. धाडसी संशोधक म्हणून त्यांनी तारुण्यातच कीर्ती मिळवली. १८८८ मध्ये त्यांनी स्कीच्या साह्याने ग्रीनलंडचे हिमपठार ओलांडले. १८९५ मध्ये ते उत्तर ध्रुवाच्या दिशेने ८६ अंश १४ मिनिटांपर्यंत पोहोचले. त्यापूर्वी तेथवर कोणीही गेले नव्हते. परंतु लक्षावधी निराधारांच्या लेखी त्यांचे नाव अमर झाले, ते एका साध्या कागदामुळे.

पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, राष्ट्रसंघाने युद्धकैद्यांना मायदेशी पोहोचवण्याची जबाबदारी त्यांच्यावर सोपवली. चार लाखांहून अधिक कैदी घरी परतले. १९२१ मध्ये ते रशियन निर्वासितांचे उच्चायुक्त झाले. क्रांती आणि यादवीमुळे परागंदा झालेले हे लोक कॉन्स्टँटिनोपल, बर्लिन, पॅरिस अशा शहरांत विखुरले होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सोव्हिएत सरकारने त्यांतील बहुतेकांचे नागरिकत्व काढून घेतले. जुने पासपोर्ट निरुपयोगी ठरले. काम मिळवणे असो वा सीमा ओलांडणे, आपण कोण हे सिद्ध करणारा कागदच त्यांच्यापाशी उरला नाही.

नान्सेन यांच्या पुढाकाराने जुलै १९२२ मध्ये जिनिव्हा येथे सरकारांनी निर्वासितांसाठी ओळखपत्र मान्य केले. तोच ‘नान्सेन पासपोर्ट’. १९२४ मध्ये तो आर्मेनियनांना, तर १९२८ मध्ये असीरियन व अन्य काही समूहांनाही मिळू लागला. संगीतकार स्ट्राविन्स्की आणि लेखक नाबोकोव यांनीही त्याचा आधार घेतला.

मात्र हे संरक्षण तात्पुरते होते. कागदाची मुदत साधारणतः एका वर्षाची असे. त्याने नागरिकत्व मिळत नसे. मुख्य म्हणजे, तो देणारा देश धारकाला परत घेण्यास बांधील नव्हता. सीमेपलीकडे गेलेल्या माणसाच्या मागे दार बंद होण्याचे भय कायम राही. काही वर्षांत प्रश्न मिटेल, असे सरकारांनी गृहीत धरले होते. नान्सेन यांना तसे वाटत नव्हते. आर्मेनियनांना कायमचे वसवण्यासाठी त्यांनी योजना आखली, देशोदेशींच्या सरकारांची मनधरणी केली. पण पुरेसा निधी मिळाला नाही. १९२२ च्या नोबेल शांतता पुरस्काराची रक्कमही त्यांनी मदतकार्यालाच दिली होती.

१३ मे १९३० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने निर्वासितांसाठी आंतरराष्ट्रीय कार्यालय स्थापन झाले, तेही मुदतीचेच. १९३८ मध्ये त्या कार्यालयाला नोबेल शांतता पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षअखेरीस त्याची मुदत संपली. हिटलरच्या जर्मनीतून निर्वासितांचे लोंढे बाहेर पडत होते, तेव्हाची ही गोष्ट.

नान्सेन यांच्या कागदातील उणीव पुढे कायद्याने ओळखली. १९५१ च्या निर्वासितविषयक कराराने प्रवासपत्र देणाऱ्या देशावर, त्याच्या मुदतीत धारकाला परत घेण्याचे बंधन घातले. ध्रुवावरच्या बर्फातून वाट काढणाऱ्या या माणसाने बेवतनांसाठी काढलेली पायवाट त्यानंतर रुंदावली. मुदतीची टांगती तलवार मात्र निर्वासितांच्या डोक्यावरून अद्यापही पूर्णतः हटलेली नाही.