रोम जिंकलं आणि जग इटलीला विसरलं, पण माणगावचे यशवंत घाडगे तिथेच लढत होते

मुंबई-गोवा हायवेवर रायगड जिल्ह्यातलं माणगाव लागतं. या माणगावात एका सैनिकाचा पुतळा आहे. कोकणात जाणाऱ्या हजारो गाड्या रोज तिथून पुढे जातात, पण हा माणूस नेमका कोण आणि कुठल्या युद्धात लढला, हे फार कमी जणांना माहिती असतं.

त्यांचं नाव नाईक यशवंत घाडगे. ब्रिटिश साम्राज्यातलं सगळ्यात मोठं शौर्यपदक, म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉस, त्यांना मिळालं. पदक जाहीर झालं तेव्हा ते हयात नव्हते. इटलीतल्या एका डोंगरावर वयाच्या २२ व्या वर्षी त्यांना वीरमरण आलं होतं.

आता प्रश्न पडतो की, कोकणातला एक तरुण थेट इटलीत कसा पोहोचला? आणि तो जिथे लढला त्या आघाडीबद्दल आपण एवढं कमी का ऐकतो?

पळसगाव ते पलटण

यशवंत घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा. गाव माणगाव तालुक्यातलं पळसगाव. आजचा रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जायचा.

तेव्हाच्या कोकणात भातशेतीवर घर चालवणं अवघड होतं. जमीन थोडी आणि खाणारी तोंडं जास्त. त्यामुळे घरातल्या तरण्या पोरापुढे दोन वाटा असायच्या. एक तर मुंबईची गिरणी गाठायची, नाहीतर पलटणीत भरती व्हायचं. पलटणीतून येणाऱ्या मनीऑर्डरवर कित्येक घरं उभी राहिली.

यशवंत घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत गेले. ही रेजिमेंट जुनी. तिचा इतिहास १७६८ पर्यंत मागे जातो आणि तिचं केंद्र आजही बेळगावात आहे. घाडगे होते तिच्या तिसऱ्या बटालियनमध्ये.

आजचा महाराष्ट्र तेव्हा एका नकाशावर नव्हता. कोकण आणि देश मुंबई इलाख्यात, म्हणजे थेट इंग्रजांच्या ताब्यात. तर बीड, वडवणी, माजलगाव हा सगळा भाग हैदराबादच्या निजामाच्या राज्यात. पण महायुद्धाची झळ दोन्हीकडे पोहोचली होती. दुसरं महायुद्ध संपेपर्यंत भारतीय सैन्य सुमारे २५ लाखांचं झालं. सक्तीची भरती न करता उभं राहिलेलं जगातलं ते सगळ्यात मोठं सैन्य मानलं जातं.

ही बटालियन आधीच नाव कमावून होती

घाडगे यांच्या बटालियनचं नाव इटलीच्या आधीच गाजलं होतं, तेही इटलीच्याच सैन्याविरुद्ध.

१९४१ साली पूर्व आफ्रिकेतला इरिट्रिया हा देश इटलीच्या ताब्यात होता. तिथे केरेन नावाच्या ठिकाणी डोंगरांच्या खिंडीत मोठी लढाई झाली. वर डोंगरावर इटालियन सैन्य आणि खालून चढणारं भारतीय व ब्रिटिश सैन्य, असा मामला होता. फेब्रुवारीत सुरू झालेली ही लढाई २७ मार्चला संपली आणि पूर्व आफ्रिकेतली इटलीची सत्ता कोसळायला सुरुवात झाली. याच लढाईत मराठ्यांच्या तिसऱ्या बटालियनने फ्लॅट टॉप नावाची टेकडी जिंकली.

तेव्हा या बटालियनचे कमांडिंग ऑफिसर होते डेनिस रीड. पुढे १९४२ मध्ये हे रीड उत्तर आफ्रिकेत पकडले गेले. इटलीत युद्धकैदी म्हणून राहिले. तिथून निसटले. आणि १९४४ मध्ये त्याच इटलीत ते परत आले, दहाव्या भारतीय डिव्हिजनचे प्रमुख म्हणून. मराठ्यांची तिसरी बटालियन याच डिव्हिजनमध्ये होती.

इटलीची आघाडी काय होती?

१९४३ च्या मे महिन्यात उत्तर आफ्रिकेतली लढाई मित्रराष्ट्रांनी जिंकली. जुलैमध्ये सिसिली बेटावर सैन्य उतरलं. मुसोलिनीची सत्ता गेली आणि सप्टेंबरमध्ये इटलीने शरणागती पत्करली.

कागदावर बघितलं तर इटलीचा विषय इथेच संपायला हवा होता. पण जर्मनीने इटली सोडली नाही. हिटलरच्या फौजांनी देशाचा ताबा घेतला आणि फील्ड मार्शल केसलरिंग यांनी बचावाची जबाबदारी उचलली.

इटलीचा नकाशा बघितला की त्यांचं काम किती सोपं होतं ते कळतं. देश लांबट आणि अरुंद. मधोमध डोंगरांची रांग. त्या डोंगरातून दोन्ही समुद्रांकडे वाहणाऱ्या नद्या. म्हणजे दक्षिणेकडून वर जाणाऱ्या सैन्यासमोर एक नदी, मग एक डोंगर, मग पुन्हा नदी, पुन्हा डोंगर. प्रत्येक ठिकाणी जर्मन वर बसलेले आणि मित्रराष्ट्रांचे जवान खालून चढणारे.

यातला सगळ्यात मोठा अडथळा होता मोन्ते कॅसिनो. जानेवारी ते मे १९४४ या काळात तिथे एकापाठोपाठ एक चार लढाया झाल्या. डोंगरावरचा शेकडो वर्षं जुना मठ १५ फेब्रुवारीला बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला. भारताच्या चौथ्या डिव्हिजनचे शेकडो जवान त्या उतारांवर पडले. शेवटी १८ मे रोजी कॅसिनो पडलं आणि ४ जून १९४४ रोजी रोम मित्रराष्ट्रांच्या हाती आलं.

जर्मनी, इटली आणि जपान या तीन मुख्य शत्रुराष्ट्रांपैकी एकाची राजधानी पहिल्यांदाच ताब्यात आली होती. ही बातमी जगभर गाजायला हवी होती. ती गाजली फक्त दोन दिवस.

मग ६ जून उजाडला

६ जून १९४४ रोजी फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर मित्रराष्ट्रांचं सैन्य उतरलं. महायुद्धाचा हा एवढा मोठा टर्निंग पॉइंट होता की सगळ्या वर्तमानपत्रांची पहिली पानं फ्रान्सकडे वळली. पुढे सिनेमेही त्यावरच निघाले.

इटलीचं फक्त नाव मागे पडलं नाही, सैन्यही कमी झालं. दक्षिण फ्रान्समध्ये आणखी एक चढाई करायची ठरली आणि त्यासाठी इटलीतून अमेरिकेच्या ३ आणि फ्रान्सच्या ४, अशा एकूण ७ डिव्हिजन काढून घेण्यात आल्या.

उरलेल्यांचं काम मात्र तेच राहिलं. जर्मनांना मोकळा श्वास घेऊ द्यायचा नाही. इटलीत जितक्या जर्मन डिव्हिजन अडकून पडतील तितक्या फ्रान्समध्ये आणि रशियाविरुद्ध कमी पडतील, असा साधा हिशोब होता. तो हिशोब ज्यांच्या जिवावर पूर्ण होणार होता त्यात भारतीय जवान होते. चौथी, आठवी आणि दहावी अशा ३ भारतीय डिव्हिजन इटलीत लढल्या. भारतीय जवानांचा आकडा होता ५० हजारांहून जास्त.

केसलरिंग यांनाही वेळ हवा होता. उत्तरेला पिसा ते रिमिनी या पट्ट्यात गॉथिक लाइन नावाची तटबंदी तयार होत होती. ती पूर्ण होईपर्यंत मित्रराष्ट्रांना वाटेत रोखायचं होतं. त्यामुळे रोमच्या उत्तरेला टायबर नदीच्या खोऱ्यात जर्मनांनी प्रत्येक टेकडी लढवली. पलटण टेकडीवर चढायची, मशीनगन सुरू व्हायच्या, माणसं पडायची आणि टेकडी घेतली की जर्मन मागच्या टेकडीवर जाऊन बसलेले असायचे.

जुलै १९४४ च्या सुरुवातीला दहावी भारतीय डिव्हिजन याच खोऱ्यात मोन्तोने गावाच्या भागात होती.

१० जुलै १९४४

त्या दिवशी मराठा लाइट इन्फंट्रीच्या एका कंपनीला जर्मनांच्या मजबूत ठाण्यावर हल्ला करायचा होता. या कंपनीतल्या एका सेक्शनचे कमांडर होते नाईक यशवंत घाडगे. सेक्शन म्हणजे साधारण १० जवानांची तुकडी.

तुकडी पुढे सरकली आणि अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला. काही क्षणांत सेक्शनमधला प्रत्येक जवान एकतर मारला गेला किंवा जखमी झाला. उभे राहिले फक्त घाडगे.

अशा वेळी आडोसा घेऊन थांबणं चूक ठरलं नसतं. मागून कुमक येईपर्यंत वाट बघता आली असती. पण मशीनगन चालू राहिली असती तर मागून येणाऱ्यांचंही तेच झालं असतं. सोबत कुणीच उरलेलं नाही हे माहिती असूनही घाडगे एकटेच मशीनगनच्या दिशेने धावले.

त्यांनी आधी ग्रेनेड फेकला. मशीनगन बंद पडली आणि ती चालवणारा ठार झाला. मग हातातल्या टॉमी गनने त्यांनी आणखी एकाला गोळ्या घातल्या. तेवढ्यात मॅगझिन संपलं. समोर अजून दोघे होते आणि नवीन मॅगझिन चढवायला वेळ नव्हता. घाडगेंनी टॉमी गन नळीकडून धरली आणि तिच्या दस्त्याने त्या दोघांना संपवलं.

ठाणं हाती आलं होतं. पण लपून बसलेल्या जर्मन स्नायपर्सनी घाडगेंवर नेम साधला. छातीत आणि पाठीत गोळ्या लागल्या. एकट्याने जिंकलेल्या त्याच ठाण्यात त्यांनी प्राण सोडले.

सहा दिवसांनी, १६ जुलै रोजी, या खोऱ्याच्या पश्चिमेचं महत्त्वाचं शहर अरेझो मित्रराष्ट्रांनी घेतलं. नकाशावर तेवढाच एक ठिपका पुढे सरकला.

२ नोव्हेंबर १९४४ रोजी लंडन गॅझेटमध्ये त्यांचा व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. ते पदक त्यांच्या पत्नीच्या हाती आलं.

नऊ महिन्यांनी आणखी एक मराठा

इटलीची लढाई त्यानंतरही हिवाळाभर रखडली. शेवटचा मोठा हल्ला झाला ९ एप्रिल १९४५ रोजी, सेनिओ नदीवर. तिथे याच रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनमधले शिपाई नामदेव जाधव होते. गाव निमज, तेव्हाचा अहमदनगर जिल्हा. त्यांचाही जन्म नोव्हेंबर १९२१ चा, घाडगेंपेक्षा दोन दिवसांनी लहान.

जाधवांनी गोळीबारात दोन जखमींना नदीतून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून बाहेर काढलं. मग परत जाऊन तीन मशीनगन ठाणी उद्ध्वस्त केली. हाताला गोळी लागल्यावर बंदूक टाकून ते ग्रेनेडने लढले आणि शेवटी नदीच्या बंधाऱ्यावर उभं राहून मराठ्यांची रणगर्जना देत त्यांनी बाकीच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते परत आले आणि १९८४ पर्यंत जगले.

२ मे १९४५ रोजी इटलीतल्या जर्मन फौजांची शरणागती लागू झाली. या आघाडीवर एकूण २० व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले. त्यातले ६ भारतीय सैन्याचे आणि त्या ६ मधले २ मराठा लाइट इन्फंट्रीचे.

आपण त्यांना कुठे ठेवलं?

घाडगे लढत होते तेव्हा इकडे चले जावचं आंदोलन होऊन दोन वर्षं झाली होती, देशाचे नेते तुरुंगात होते. ज्या साम्राज्याच्या गणवेशात ते होते त्याच साम्राज्याशी भारत झगडत होता. स्वातंत्र्यानंतर या सैनिकांचं काय करायचं हे आपल्याला नीट ठरवता आलं नाही. ते स्वातंत्र्यलढ्याच्या पुस्तकात बसत नव्हते. आणि ब्रिटिशांच्या विजयाच्या कहाणीत ते एका तळटीपेपुरते उरले.

पण समोर हिटलरची फौज होती हेही तितकंच खरं. इटलीत ५,७८२ भारतीय जवानांनी जीव गमावला आणि ज्या गावांमधून ते गेले ती गावं नाझींच्या ताब्यातून सुटली. ती गोष्ट त्या गावांच्या लक्षात राहिली.

कॅसिनोच्या युद्धस्मारकावर यशवंत घाडगेंचं नाव कोरलेलं आहे. ज्यांची कबर कुठे आहे ते माहिती नाही अशा ४ हजारांहून जास्त सैनिकांची नावं तिथे आहेत. आणि जुलै २०२३ मध्ये, म्हणजे ७९ वर्षांनी, मोन्तोने गावाने घाडगेंच्या नावाने एक स्मारक उभं केलं. हे स्मारक म्हणजे एक सूर्यघड्याळ आहे. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचं लॅटिन वाक्य त्यावर लिहिलेलं आहे.

पुढच्या वेळी कोकणात जाताना माणगावला चहाला थांबलात, तर तो पुतळा नक्की बघा. रोम जिंकल्यानंतर जगाने नजर फिरवली होती, त्या काळात जे लढत राहिले त्यातलेच ते एक.