सूर्यप्रकाशाची लिपी

हिवाळ्यात खामगावच्या आसपासची शिवारे पांढरीशुभ्र दिसू लागतात. कपाशीची बोंडे उमललेली असतात आणि शेतांत वेचणीची धांदल चालू असते. खामगाव ही वऱ्हाडातील कापसाची जुनी बाजारपेठ. तेथे आलेल्या कापसाच्या गाड्या पाहून शेतकऱ्याचे कष्ट आपल्या ध्यानी येतात. पण सूर्यप्रकाशाची साथ नसती, तर त्या कष्टांनी एकही बोंड उमलले नसते. झाडाची पाने हवेतून कार्बन डायऑक्साइड घेतात, मुळांनी शोषलेले पाणी घेतात आणि सूर्यप्रकाशाच्या बळावर त्यांपासून अन्न तयार करतात. कापसाचा तंतू, ज्वारीचा दाणा, गाईचे दूध, या सर्वांच्या मुळाशी तोच प्रकाश आहे. समुद्राच्या पाण्याची वाफ होते व पाऊस पडतो, तोही त्याच्याच उष्णतेमुळे.

२२ जानेवारी १८९८ रोजी भर दुपारी हा प्रकाश मंदावला. त्या दिवशी सूर्यग्रहण होते. चंद्राच्या दाट छायेचा पट्टा कोकणातील विजयदुर्गाकडून ईशान्येस सरकत वऱ्हाडातून पुढे गेला. खामगाव त्या पट्ट्याच्या उत्तरेस असल्याने तेथे ग्रहण खंडग्रास होते. पण सोलापूर जिल्ह्यातील जेऊर या लहानशा गावी सूर्य पूर्ण झाकला जाणार होता. तेथे आपली उपकरणे मांडून एक मध्यमवयीन प्राध्यापक त्या क्षणाची वाट पाहत होते. त्यांचे नाव कावसजी दादाभाई नायगामवाला.

नायगामवाला यांचा जन्म १८५७ साली एका पारशी कुटुंबात झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांनी पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र यांचे अध्ययन केले. १८७८ साली ते एम. ए. झाले व त्यांना सुवर्णपदक मिळाले. पुढे त्याच कॉलेजात ते अध्यापन करू लागले.

त्या काळी सूर्यप्रकाशाविषयी एक नवे शास्त्र उदयास आले होते. पांढऱ्या दिसणाऱ्या प्रकाशात अनेक रंग मिसळलेले असतात, हे न्यूटनने काचेच्या लोलकाच्या साहाय्याने पूर्वीच दाखविले होते. पुढे असे आढळून आले, की या रंगपटात असंख्य बारीक काळ्या रेषाही असतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात. एकाच्या रेषा दुसऱ्याशी जुळत नाहीत. म्हणजे सूर्यप्रकाश ही जणू एक लिपी झाली. ती ज्याला वाचता येईल, त्याला सुमारे पंधरा कोटी किलोमीटर दूर असलेल्या सूर्यावर कोणती द्रव्ये आहेत हे येथे बसून सांगता येईल. १८६८ साली याच रीतीने सूर्याच्या प्रकाशात एक अनोळखी पिवळी रेषा सापडली. ती ज्या द्रव्याची होती त्याला हेलियम हे नाव मिळाले. पृथ्वीवर ते द्रव्य हाती लागले, ते मात्र १८९५ साली!

ही लिपी शिकविण्यासाठी आपल्या कॉलेजात प्रयोगशाळा असावी, असे नायगामवालांना वाटले. १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी त्यासाठी पाच हजार रुपयांची देणगी दिली. सरकारनेही तेवढीच रक्कम दिली. १८८४ साली नायगामवाला इंग्लंडला गेले. तेथे नॉर्मन लॉकियर प्रभृती ज्योतिर्विदांनी त्यांना सल्ला दिला, की केवळ प्रयोगशाळेवर न थांबता वेधशाळाच उभारावी. पुढे नायगामवालांची नेमणूक पुण्याच्या सायन्स कॉलेजात झाली आणि १८८८ साली तेथे महाराजांच्या नावाची वेधशाळा तयार झाली. तिच्यातील वीस इंच व्यासाची परावर्तक दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानातील सर्वांत मोठी दुर्बीण होती.

लवकरच नायगामवालांच्या सत्यनिष्ठेची कसोटी लागली. मृगनक्षत्रातील तेजोमेघाच्या प्रकाशात एक ठळक रेषा दिसते. ती मॅग्नेशियमपासून उद्भवते, असे लॉकियर यांचे मत होते. ते खरे असेल, तर रेषेची एक कड अस्पष्ट दिसावयास हवी होती. नायगामवालांनी अनेक वेध घेतले. प्रत्येक वेळी रेषा दोन्ही बाजूंनी रेखीव दिसली. लॉकियर हे जगन्मान्य शास्त्रज्ञ होते आणि नायगामवालांचे मार्गदर्शकही होते. तरीही जसे दिसले तसेच नायगामवालांनी १८९१ साली प्रसिद्ध केले. त्यांचेच निरीक्षण बरोबर होते, हे पुढे ठरले.

मग १८९८ चे ग्रहण आले. सूर्याभोवती एक अतिविरळ प्रभामंडळ असते. एरवी सूर्याच्या तेजापुढे ते दिसत नाही. खग्रास ग्रहणातच डोळ्यांना त्याचे दर्शन होते. लॉकियर यांनी विजयदुर्गाला तळ दिला होता. जेऊरला अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्बेलही आले होते. अनेक महिन्यांच्या तयारीनंतर हाती येणार होती अवघी दोन मिनिटे! एखादे उपकरण अडले किंवा हात चुकला, तर ती मिनिटे परत मिळणार नव्हती. सूर्य झाकला गेला, अंधार पसरला आणि प्रभामंडळ झळकू लागले. नायगामवालांनी त्या अल्पावधीत त्याच्या प्रकाशाचे वर्णपट टिपून घेतले. त्यांचा सविस्तर वृत्तान्त १९०२ साली प्रसिद्ध झाला.

१९१२ साली नायगामवाला निवृत्त झाले. त्यांच्यामागे वेधशाळा चालविणारा कोणी उरला नाही. ती बंद करण्यात आली आणि दुर्बीण व इतर उपकरणे दक्षिणेतील कोडाईकॅनाल वेधशाळेकडे पाठविण्यात आली. ज्या वेधशाळेसाठी त्यांनी आयुष्य वेचले, ती आपल्या डोळ्यांदेखत मोडलेली त्यांना पाहावी लागली. १९३८ साली त्यांचे निधन झाले.

प्रभामंडळाच्या प्रकाशातील एक हिरवी रेषा १८६९ पासून शास्त्रज्ञांना कोड्यात टाकीत होती. नायगामवालांच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत स्वीडनच्या एडलेन या शास्त्रज्ञाने ते कोडे उलगडले. ती रेषा लोखंडाची होती! तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाच्या अणूंपासून ती निघते आणि त्यासाठी दहा लाख अंशांहून अधिक उष्णता लागते. हे उत्तर ऐकावयास नायगामवाला हयात नव्हते. पण ज्यांनी या प्रकाशाचे वेध काळजीपूर्वक घेऊन ठेवले, त्यांच्या मालिकेत त्यांचे नाव आहे.

खामगावच्या शिवारात आज पडणारे ऊन सूर्यापासून निघून सुमारे आठ मिनिटांत तेथे पोहोचते. कपाशीचे पान त्यातून बळ घेते. त्याच उन्हातून सूर्याची वार्ता वाचण्याचा उद्योग पुण्यात एका माणसाने अनेक वर्षे निष्ठेने केला.