न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे

राज्यांतील सामान्य मनुष्यानें अपराध केला, तर त्याला न्यायासनापुढें उभें करतां येतें. परंतु ज्याच्या नांवानें तें न्यायासन चालतें, त्याच्यावरच अपराधाचा आरोप आला तर काय करावें? त्याची चौकशी कोणीं करावी, आणि दोष सिद्ध झाल्यास त्याला अधिकारपदावरून कोणीं दूर करावें? हा प्रश्न जगांतील अनेक राष्ट्रांना पडला आहे. इ. स. १७७३ मध्यें तो पुण्यास पडला. त्या वेळीं त्याचें उत्तर देण्याचें कठीण काम ज्यांच्यावर आलें, त्या रामशास्त्री प्रभुणे यांचें चरित्र आमच्या विद्यार्थिमित्रांनीं अवश्य वाचावें.

साताऱ्याजवळ कृष्णा व वेण्णा यांच्या संगमावर माहुली हें क्षेत्र आहे. तेथील प्रभुणे घराण्यांत रामशास्त्री यांचा जन्म झाला. लहानपणीं त्यांच्या हातून विद्याभ्यास झाला नाहीं. विसाव्या वर्षाच्या सुमारास ते साताऱ्यास एका सावकाराच्या घरीं चाकरीस होते, आणि तेथें झालेला अपमान जिव्हारीं लागून ते विद्या मिळविण्यासाठीं काशीस गेले, अशी परंपरा आहे. काशीस बाळंभट्ट पायगुंडे यांच्याजवळ त्यांनीं धर्मशास्त्राचें अध्ययन केलें. १७५१ मध्यें ते पेशव्यांच्या पदरीं आले व १७५९ मध्यें मुख्य न्यायाधीश झाले. एवढें मोठें पद मिळूनही घरांत एका दिवसाच्या अन्नापेक्षां अधिक संग्रह ते करीत नसत, असें त्यांच्याविषयीं सांगतात. ज्याला धन्यापासून कांहीं मिळवावयाचें नाहीं, त्यालाच धन्याला खरें सांगतां येतें. शास्त्रीबोवांच्या निर्भयतेचें मूळ या साध्या राहणींत होतें.

पुढें जो पुरुष त्यांच्या न्यायासनापुढें यावयाचा होता, त्याची पहिली ओळख शिरूर व दौंड या भागांतील वाचकांना त्यांच्या नद्याच करून देतील. पानिपतच्या संहारानंतर १७६१ मध्यें सोळा वर्षांचे माधवराव पेशवे झाले. त्यांचे चुलते रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, यांना सत्तेचा मोह आवरेना. १७६२ च्या नोव्हेंबरांत चुलत्यापुतण्यांच्या फौजा घोडनदीच्या कांठीं एकमेकींशीं लढल्या. शिरुरावरून वाहणारी हीच ती नदी. तिच्यावरून शिरूर गांवालाही लोक घोडनदी म्हणत आले आहेत. ती पुढें ज्या भीमेस मिळते, त्या भीमेच्या कांठीं आळेगांव येथें थोड्याच दिवसांनीं दुसरा प्रसंग झाला. आपसांतील यादवीनें राज्य बुडेल हें ओळखून माधवराव स्वतः चुलत्याच्या छावणींत गेले व त्यांच्या स्वाधीन झाले. पुढें १७६८ मध्यें धोडप येथें पारडें फिरलें. माधवरावांनीं दादांस पकडून शनिवारवाड्यांत नजरकैदेंत ठेविलें. दोन्ही वेळां निकाल लागला तो बळाबळावर. दोष कोणाचा, हें न्यायाच्या तराजूंत घालून कोणीं पाहिलें नाहीं.

माधवरावांच्या कारकीर्दीतील एक गोष्ट प्रसिद्ध आहे. पेशवे जपजाप्यांत फार वेळ घालवूं लागले. एके दिवशीं शास्त्रीबोवा राज्याच्या कामासाठीं गेले, तों पेशवे ध्यानांत मग्न होते. ते तसेच परत आले आणि दुसऱ्या दिवशीं त्यांनीं काशीस जाण्याची परवानगी मागितली. पेशव्यांनीं कारण विचारलें, तेव्हां त्यांनीं स्पष्ट सांगितलें कीं ब्राह्मणानें राज्य पतकरलें म्हणजे प्रजेचें रक्षण हेंच त्याचें अनुष्ठान होय. तें साधत नसेल तर त्यानें आपल्याबरोबर काशीस येऊन गंगेच्या कांठीं बसावें. माधवरावांनीं हा बोल मानला. राज्यपद हें शर्तीनें मिळालेलें पद आहे, शर्त मोडणाराला त्यावर बसण्याचा अधिकार नाहीं, हा विचार या गोष्टींत आहे. पुढें अकरा-बारा वर्षांच्या आंतच त्याची कसोटी लागली.

१८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊर येथें माधवराव क्षयानें वारले व त्यांचे धाकटे बंधु नारायणराव पेशवे झाले. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं, गणेशोत्सवाच्या दिवसांत, थकलेल्या पगाराचें निमित्त करून गारदी शनिवारवाड्यांत शिरले. अठरा वर्षांचा पेशवा जीव वांचविण्यासाठीं चुलत्याकडे धांवला. परंतु तेथेंच त्याचा वध झाला. त्यानंतर पेशवाईचीं वस्त्रें रघुनाथरावांनीं मिळविलीं.

आतां पुण्यांतील मुत्सद्द्यांपुढें मोठा पेंच उभा राहिला. एका बाजूस व्यवहार होता. पेशव्यांच्या घराण्यांत गादीवर हक्क सांगणारा वयांत आलेला पुरुष रघुनाथरावांवांचून उरला नव्हता. त्यांच्याच मोहिमेंत १७५८ मध्यें मराठ्यांची सत्ता अटकेपर्यंत पोहोंचली होती. दक्षिणेंत निजाम व हैदरअल्ली टपून बसलेले. अशा वेळीं गादीवरील माणसास हात लावला तर राज्याचे दोन तुकडे होतील, हें भय खोटें नव्हतें. दुसऱ्या बाजूस न्याय होता. खून करवून मिळविलेली गादी जर पचूं दिली, तर पुढें कोणत्या चोराला शिक्षा करण्याचें तोंड राज्याला राहणार? शिवाय न्यायाधीश हा पेशव्यांचाच नेमलेला नोकर. नोकरानें धन्याचा न्याय करावा, अशी वाट कोठेंही घालून दिलेली नव्हती.

शास्त्रीबोवांनीं या वादांत आधीं मत दिलें नाहीं. आधीं चौकशी केली. हें विद्यार्थ्यांनीं विशेष लक्षांत घ्यावें. नगरांत कुजबुज सर्वत्र होती, परंतु कुजबुज म्हणजे पुरावा नव्हे. त्यांनीं गुप्तपणें तपास करून पुरावा गोळा केला. नारायणरावांस धरण्याचा हुकूम आपण दिला होता, एवढें दादांनीं कबूल केल्याचें सांगतात. त्या हुकुमांतील धरावें या शब्दाचें मारावें असें करण्यांत आलें, व तो फेरफार आनंदीबाईंनीं केला, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तें कांहीं असलें तरी शास्त्रीबोवांचा निर्णय ठाम होता. या पातकास प्रायश्चित्त कोणतें, असें दादांनीं विचारलें असतां, देहान्तावांचून दुसरें प्रायश्चित्त नाहीं, असें त्यांनीं तोंडावर सांगितलें. अशा पुरुषाच्या राज्यांत आपण चाकरी करणार नाहीं, व तो सत्तेवर असेतों पुण्यांत पाऊल टाकणार नाहीं, असें सांगून ते वाईजवळच्या एका खेड्यांत जाऊन राहिले.

त्यांच्याजवळ फौज नव्हती. निकाल अंमलांत आणण्याचें कोणतेंही साधन नव्हतें. परंतु जी गोष्ट लोक दबक्या आवाजांत बोलत होते, ती आतां न्यायाधीशाचा निर्णय म्हणून उभी राहिली. सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे आदि मंडळींनीं जें कारस्थान रचलें, तें बारभाईंचें कारस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. नारायणरावांची गरोदर पत्नी गंगाबाई हिला त्यांनीं पुरंदर किल्ल्यावर नेलें. तेथें १८ एप्रिल १७७४ रोजीं सवाई माधवरावांचा जन्म झाला व त्या तान्ह्या मुलाच्या नांवानें बारभाईंनीं राज्यकारभार चालविला. शास्त्रीबोवांना सन्मानानें परत बोलावण्यांत आलें, आणि पुढें १७८९ मध्यें मृत्यु येईपर्यंत ते न्यायदानाचें काम करीत राहिले.

येथें गोष्ट संपविली असती तर ती गोड झाली असती, परंतु पुरी झाली नसती. दोषी ठरलेल्या सत्ताधीशाला शांतपणें पदच्युत करण्याची रीत राज्यांत नव्हती. म्हणून न्यायाचा निर्णय शेवटीं रणांगणावर गेला. रघुनाथरावांनीं मार्च १७७५ मध्यें सुरतेस इंग्रजांशीं तह करून त्यांची मदत मागितली. त्यांतून जें युद्ध पेटलें, तें १७८२ च्या सालबाईच्या तहानें मिटलें. १७८३ मध्यें दादा कोपरगांव येथें वारले. पित्यानें दाखविलेली वाट पुत्रानेंही धरली. दुसऱ्या बाजीरावांनीं १८०२ मध्यें वसईस इंग्रजांशीं तह केला. त्या तहानें पेशव्यांच्या मुलखांत आलेल्या तैनाती फौजेची छावणी पुढें आपल्या शिरुरासच पडली. ज्या घोडनदीनें १७६२ मधील घरची यादवी पाहिली, तिच्याच कांठीं परक्यांचे तंबू उभे राहिले.

रामशास्त्री निवर्तले, तेव्हां इंग्लंडांत एक मोठा खटला चालूं होता. मराठ्यांशीं युद्ध करणारा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्स यावर तेथील पार्लमेंटानें महाभियोग आणला होता. कॉमन्स सभेनें आरोप ठेवावयाचे व लॉर्डांच्या सभेनें न्याय करावयाचा, अशी त्यांची रीत. १३ फेब्रुवारी १७८८ रोजीं सुरू झालेला तो खटला २३ एप्रिल १७९५ रोजीं संपला व हेस्टिंग्स निर्दोष सुटला. निकाल कित्येकांना पटला नाहीं. परंतु त्यासाठीं तरवार कोणीं उपसली नाहीं, कीं शत्रूला घरांत कोणीं बोलाविलें नाहीं. रीत असल्याचा हा लाभ आहे.

२६ जानेवारी १९५० पासून अंमलांत आलेल्या आपल्या संविधानानें ही उणीव भरून काढली. त्याच्या ६१ व्या कलमाप्रमाणें संविधानाचा भंग केल्याबद्दल प्रत्यक्ष राष्ट्रपतीवरही महाभियोग चालवितां येतो. संसदेच्या एका सभागृहाच्या एक चतुर्थांश सभासदांच्या सहीनें चवदा दिवसांची सूचना द्यावी लागते. त्या सभागृहानें आरोप ठेवावा, दुसऱ्यानें चौकशी करावी, दोन्ही ठिकाणीं एकूण सभासदांपैकीं दोन तृतीयांशांचें बहुमत असावें, आणि राष्ट्रपतीस आपली बाजू मांडण्याचा अधिकार असावा, असा नियम आहे. रागाच्या भरांत कोणाचें पद जाऊं नये, आणि पदाच्या आड कोणाचा अपराध लपूं नये, या दोन्ही गोष्टी त्यांत साधल्या आहेत.

तथापि कलमें लिहून ठेविल्यानें सर्व कांहीं होत नाहीं. आरोप ऐकतांच दोषी न मानणारा, पुरावा मिळाल्यावर मात्र न कचरणारा, आणि सत्य सांगण्यासाठीं पदावर पाणी सोडणारा मनुष्य नसेल, तर उत्तम नियमही कागदावरच राहतो. शास्त्रीबोवांच्या काळीं माणूस होता, रीत नव्हती. आज रीत आहे. तिला लागणारीं माणसें शाळांतूनच तयार व्हावयाचीं आहेत.