मौनी रंगसाधक : वासुदेव गायतोंडे

चित्र पाहताना आपला पहिला प्रश्न असतो, 'यात काय काढले आहे?' माणूस, झाड, देव असे काही ओळखू आले की आपले समाधान होते. हा प्रश्नच ज्यांनी बाजूला सारला, त्या वासुदेव संतू गायतोंडे यांच्याविषयी चार शब्द लिहिण्याचा हा माझा प्रयत्न.

त्यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपूरला झाला. घराणे मूळचे गोव्याचे. बालपण गिरगावातील चाळीत गेले. मुलाने चित्रकार व्हावे हे वडिलांना पसंत नव्हते. तरीही १९४८ साली त्यांनी सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका मिळविली आणि १९५० मध्ये ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये सामील झाले. सुरुवातीच्या चित्रांत माणसे होती, लघुचित्रांची रेषा होती. पॉल क्लेच्या अभ्यासानंतर आकृत्या विरळ होत गेल्या आणि अखेर रंग तेवढा उरला. १९५७ साली टोकियोच्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पहिले पारितोषिक मिळाले. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले.

रोलरने रंगाचे थर चढवायचे, पॅलेट नाइफने ते खरवडायचे, पुन्हा चढवायचे, अशी त्यांची रीत होती. वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा चित्रे होत. 'अमूर्त' हा शब्द त्यांना मान्य नव्हता. आपली चित्रे ते वस्तुनिरपेक्ष मानीत. झेन विचार आणि रमण महर्षींची शिकवण यांची त्यांना ओढ होती.

नुसता रंग मनाला का भिडावा? मला आपल्या अंबरनाथच्या शिवमंदिराची आठवण होते. १०६० सालच्या या मंदिराच्या भिंती मूर्तींनी गजबजलेल्या आहेत. गाभारा मात्र मंडपाहून बराच खोल आहे. पायऱ्या उतरू लागले की मूर्ती मागे राहतात, डोळ्यांना धरायला काही उरत नाही आणि मन आपोआप शांत होते. गायतोंडे यांच्या चित्रासमोर माझे असेच होते. ओळखीची वस्तू नसल्यामुळे नजर थरांमधून आत उतरते आणि तेथे आपलेच सुख किंवा विषाद भेटतो.

या शांततेची किंमत त्यांनी मोजली. ते अविवाहित राहिले. १९७२ मध्ये दिल्लीला गेल्यावर घरच्यांशीही संबंध उरला नाही. निजामुद्दीनमधील लहानशा जागेत ते राहत. १९८४ च्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास झेपेनात, तेव्हा कागदावर शाईची छोटी रेखाटने केली. १० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे २०१३ साली मुंबईच्या लिलावात त्यांचे एक चित्र २३ कोटी ७० लाखांना विकले गेले.

तो आकडा सर्वांना ठाऊक झाला. एकटेपणाचा हिशेब कोणी मांडावा? तेवढा त्याग आपणापैकी किती जणांना जमेल, याची मला शंका आहे. पण एखाद्या चित्रापुढे, काहीही न विचारता, पाच मिनिटे उभे राहणे आपल्याला खचित जमेल.