विश्लेषण : दादासाहेब फाळकेंनी नाचवलेल्या आगकाड्या कुठे हरवल्या? भारतातील पहिल्यावहिल्या ॲनिमेशनपटाचा शोध का संपत नाही?

डोरेमॉन आज घरोघरी मोबाइलवर दिसतो. पण जपानमध्ये १९७३ साली प्रसारित झालेल्या डोरेमॉनच्या पहिल्या मालिकेचे अनेक भाग आज उपलब्ध नाहीत. मालिका बनवणारा स्टुडिओ बंद पडला, रिळे विखुरली आणि चाहते अजूनही ते भाग शोधत आहेत. अशीच एक शोधकथा महाराष्ट्राचीही आहे आणि ती त्याहून सुमारे ५८ वर्षे जुनी आहे.

दादासाहेब फाळके यांना आपण ‘राजा हरिश्चंद्र’चे निर्माते म्हणून ओळखतो. त्यांनी १९१५ च्या सुमारास काडेपेटीतल्या काड्या पडद्यावर हलवून दाखवल्या होत्या. ‘आगकाड्यांची मौज’ हा तो लघुपट. भारतातील ॲनिमेशनच्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते. तो आज कुठेही पाहायला मिळत नाही. फाळके या प्रयोगापर्यंत कसे पोहोचले, त्यांची रिळे कशी हरवली आणि त्यातले काय हाती लागले, याचा हा आढावा.

फाळके सिनेमाकडे कसे वळले?

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरला झाला. वडील संस्कृतचे जाणकार होते. त्यांना मुंबईत शिकवण्याची नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईला आले. १८८५ मध्ये फाळके यांनी सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकलेबरोबरच छायाचित्रणाचे तंत्र त्यांनी आत्मसात केले.

त्यांनी गोध्र्यात फोटो स्टुडिओ थाटला, पण प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल दगावले. मधल्या काळात ते एका जर्मन जादूगाराकडून जादू शिकले आणि आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने प्रयोगही करू लागले. नंतर पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि ड्राफ्ट्समनची नोकरी धरली. स्वदेशीच्या चळवळीत ती सोडली. लोणावळ्यात छपाईचा व्यवसाय सुरू केला, राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या छपाईचे काम केले आणि रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ मध्ये जर्मनी गाठली. पण भागीदारांशी मतभेद झाले आणि तो धंदाही सुटला.

चाळिशी उलटलेली आणि हाताला काम नाही, अशा अवस्थेत १९११ साली ईस्टरच्या दिवसांत त्यांनी गिरगावात येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. येशूच्या जागी राम आणि कृष्ण पडद्यावर यावेत, असे त्यांच्या मनाने घेतले. पुढचे अनेक महिने ते सतत चित्रपट पाहत राहिले. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासे झाले. उपचारांनी दृष्टी परत आली.

वाटाण्याच्या रोपाने भांडवल कसे मिळवून दिले?

विमा पॉलिसी तारण ठेवून फाळके यांनी १० हजार रुपये उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठले. तिथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांना निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याकडे नेले. हेपवर्थ यांनी आपला स्टुडिओ दाखवला. विल्यमसन कॅमेरा, कच्ची फिल्म आणि फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे यंत्र यांची व्यवस्था करून ते १ एप्रिल १९१२ रोजी परतले.

पण चित्रपटाला लागणारा पैसा कोण देणार? फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा एका जागी ठेवून महिन्याहून अधिक काळ त्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपली. ‘अंकुराची वाढ’ या जेमतेम मिनिटभराच्या फिल्ममध्ये बी रुजून रोप वर आलेले दिसे. ती पाहून सावकारांचा विश्वास बसला. आज मोबाइलमध्ये जो ‘टाइमलॅप्स’ पर्याय असतो, त्याचे तत्त्व हेच आहे. वेळेची अंतरे ठेवून एकेक चित्र घ्यायचे आणि ते सलग चालवायचे.

याच तत्त्वावर पुढे आगकाड्या हलल्या.

‘राजा हरिश्चंद्र’ घरातूनच कसा उभा राहिला?

दादरच्या घरी काम सुरू झाले. दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई कंपनीतल्या माणसांचा स्वयंपाक करीत, कच्च्या फिल्मला भोके पाडत आणि फिल्म धुण्याच्या कामातही हात लावत. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा अण्णा साळुंके यांनी ती केली. रोहिदास झाला फाळके यांचा मुलगा भालचंद्र.

चार रिळांचा, सुमारे ३७०० फुटांचा हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये प्रदर्शित झाला. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे बसतात. त्यामुळे प्रोजेक्टर किती वेगाने चालवला जाई, त्यानुसार ४० मिनिटांपासून तासाभरापर्यंतचा हा खेळ होई. त्याच वर्षी कंपनी नाशिकला हलली.

‘आगकाड्यांची मौज’ म्हणजे नेमके काय होते?

१९१४ मध्ये फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथे काम करण्याचे प्रस्ताव आले, ते त्यांनी नाकारले. मायदेशी परतले तेव्हा पहिले महायुद्ध पेटले होते. भांडवलदारांनी हात आखडता घेतला होता आणि कच्ची फिल्म परदेशातूनच येत होती. मोठा पौराणिक चित्रपट उभा करणे अशक्य झाले. त्या अडचणीच्या काळात त्यांनी जे छोटे विषय हाताळले, त्यातला एक आगकाड्यांचा.

याला नट, पोशाख, नेपथ्य असे काहीच लागत नाही. लागते ती एक काडेपेटी, एक टेबल आणि भरपूर चिकाटी. काड्या मांडायच्या, एक चित्र घ्यायचे. काड्या किंचित सरकवायच्या, पुन्हा एक चित्र घ्यायचे. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ चित्रे धरली, तर एका मिनिटाच्या हालचालीसाठी ९६० चित्रे हवीत. दोन चित्रांच्या मध्ये टेबलाला धक्का लागला, तरी ती हालचाल बिघडते. आज याला ‘स्टॉप मोशन’ म्हणतात.

फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ साली काड्यांवर असाच लघुपट केला होता. त्यामुळे कल्पना जगात नवी नव्हती. पण भारतात तेव्हा ना ॲनिमेशनचा स्टुडिओ होता, ना शिकवणारे कोणी. चित्रकला, छायाचित्रण, छपाई आणि जादू या चारही गोष्टी हातात असलेला माणूस तो प्रयोग करीत होता.

पुढे फाळके यांचे काय झाले?

१९१७ मध्ये ‘लंका दहन’ आला आणि दिवस पालटले. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनीच केल्या होत्या. १९१८ मध्ये भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि १९१९ चा ‘कालिया मर्दन’ गाजले. यात कृष्ण झाली होती फाळके यांची मुलगी मंदाकिनी.

भागीदारांशी न पटल्याने फाळके सगळे सोडून काशीला गेले. तिथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. नंतर कंपनीत परतले, पण पूर्वीची घडी बसली नाही. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला आणि पडदा बोलू लागला. फाळके यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार झाला आणि त्याला नंतर आवाज जोडावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा एकमेव बोलपट ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून दिला जाऊ लागला.

त्यांनी ९० हून अधिक चित्रपट आणि २५ हून अधिक लघुपट केल्याचे मानले जाते. त्यातले बहुतेक आज नाहीत.

इतकी रिळे हरवली कशी?

पहिले कारण रासायनिक आहे. त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. ती सहज पेट घेते आणि दमट, उष्ण हवेत आपोआप कुजते. आधी चित्र फिकट होते, मग फिल्म चिकट होऊन थर एकमेकांना धरतात आणि शेवटी तपकिरी भुकटी उरते.

दुसरे कारण व्यवहाराचे. चित्रपट तेव्हा जपून ठेवण्याची वस्तू नव्हती. गावोगावी खेळ होत, फिल्म झिजेपर्यंत चालवली जाई. बोलपट आल्यावर मूकपटांना गिऱ्हाईक उरले नाही आणि जुनी रिळे त्यातल्या चांदीसाठी भंगारात गेली. लघुपटांचे हाल अधिक झाले. ते मोठ्या खेळाला जोडून दाखवले जात. त्यांची नोंद कमी, प्रती कमी आणि जपण्याचे कारणही कमी.

तिसरे कारण उशिराचे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात सुरू झाले ते १९६४ साली, फाळके यांच्या निधनानंतर २० वर्षांनी. भारतात सुमारे १३०० मूकपट तयार झाले. त्यातले पूर्ण किंवा तुकड्यांत उरलेले जेमतेम ३० च्या घरात आहेत.

साठवलेले तरी सुरक्षित असते असे नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील गोदामाला आग लागली आणि नायट्रेटवरची जुनी रिळे जळाली.

मग हाती काय लागले?

संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी फाळके यांच्या चित्रपटांचा माग काढला. फाळके कुटुंबीयांनी सांभाळून ठेवलेली रिळे त्यात मोलाची ठरली. ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिले आणि शेवटचे अशी दोन रिळे मिळाली. ती १९१३ ची की फाळके यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत चर्चा आहे. ‘लंका दहन’ आणि ‘श्रीकृष्ण जन्म’ यांचे तुकडे आहेत. ‘कालिया मर्दन’ त्या मानाने बराच शाबूत आहे.

चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारा फाळके यांचा १९१७ चा लघुपटही उरला आहे. त्यात खुद्द फाळके काम करताना दिसतात. आगकाड्यांवर काम करणारे हात कसे चालत असतील, याची थोडीफार कल्पना आज देऊ शकणारी ही एकमेव हलती नोंद म्हणता येईल. ‘आगकाड्यांची मौज’ मात्र यात नाही.

अजून सापडण्याची आशा आहे का?

आशा पूर्ण सोडावी असे नाही. जपानमध्ये १९१७ साली तयार झालेला ‘नामाकुरा गाताना’ हा ॲनिमेशनपट दीर्घकाळ हरवलेला मानला जात होता. तो जुन्या वस्तूंच्या बाजारातून मिळाल्याचे २००८ मध्ये जाहीर झाले. १९१९ च्या ‘बिल्वमंगल’ या भारतीय मूकपटाचा काही भाग फ्रान्सच्या संग्रहालयात होता. तो २०१६ मध्ये पुण्याला मिळाला.

‘आगकाड्यांची मौज’ परदेशात असण्याची शक्यता कमी वाटते, कारण तो लंडनच्या दौऱ्यानंतरचा आहे. त्यामुळे शोध इथल्याच घरांकडे येतो. मराठी मुलखात चित्रपट तंबूतून गावोगाव पोहोचला. धाराशिव जिल्हा तेव्हा निजामाच्या हद्दीत होता, पण तुळजापूर आणि येरमाळ्याच्या यात्रा तेव्हाही भरत होत्या. ज्या घरांत पूर्वी फिरत्या सिनेमाचा, जुन्या थिएटरचा किंवा भंगाराचा धंदा होता, तिथल्या माळ्यावर पत्र्याचा गोल डबा असू शकतो. त्यात फाळके यांचेच रीळ निघेल असे नाही. पण मूकपटांतले इतके थोडे उरले आहे, की कोणाचाही तुकडा मोलाचा आहे.

जुना डबा सापडला तर काय करावे?

- डबा उन्हात, चुलीजवळ किंवा विजेच्या उपकरणाशेजारी ठेवू नये. नायट्रेट फिल्म पेटली तर पाण्यानेही सहज विझत नाही.
- फिल्म प्रोजेक्टरवर चालवून पाहू नये. आकसलेली फिल्म तुटते.
- चिकटलेले थर ओढून सोडवू नयेत. फिल्म हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नये.
- उग्र, आंबट वास किंवा तपकिरी भुकटी दिसली, तर डबा घराच्या राहत्या भागातून हलवून थंड, हवेशीर जागी ठेवावा.
- डब्यावरचा कागद, चिठ्ठी, नाव पुसू नये. मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवावा.
- पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवावे. २०२२ पासून ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या अखत्यारीत आहे. नायट्रेट फिल्म टपालाने किंवा एसटीच्या पार्सलने पाठवू नये. ती कशी न्यायची, हे आधी तिथे विचारून घ्यावे.